इतिहास-भूगोल : दोन दिवसांचा विषय?

मार्च २०२० मधील गोष्ट. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेचा एकच पेपर उरला होता, सामाजिक शास्त्रांतील भूगोलाचा. २३ मार्चला तो व्हायचा होता. करोनाच्या साथीमुळे आदल्या शनिवारी तो पुढे ढकलण्यात आला, पाठोपाठ देशभर टाळेबंदी लागू झाली आणि एप्रिलमध्ये मंडळाने तो पेपर रद्दच केला. सुमारे १७ लाख विद्यार्थ्यांना इतर विषयांतील गुणांच्या सरासरीवर भूगोलाचे गुण देण्यात आले. त्या संकटकाळात याहून वेगळा निर्णय घेणे अवघड होते, त्यामुळे मंडळाला दोष देण्याचे कारण नाही. विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. पेपर रद्द झाल्याची वार्ता आली तेव्हा घराघरांतून सुटकेचा निःश्वास ऐकू आला. काही गमावल्याची खंत मात्र फारशी कुठे उमटली नाही.

योगायोग असा की, त्याच दिवसांत सारा देश भूगोलाचाच अभ्यास करत होता. वुहान कोठे आहे, इटलीत वृद्धांची संख्या एवढी का आहे, मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरात साथ कशी पसरते, हे प्रश्न प्रत्येकाच्या ओठी होते. मुंबईतील श्रमिक कसारा घाट चढून नाशिकमार्गे उत्तरेकडे पायी निघाले, तेव्हा लोकसंख्येची घनता, स्थलांतर, वाहतुकीचे मार्ग, व्यवसायांचे केंद्रीकरण ही पाठ्यपुस्तकातील कोरडी वाटणारी शीर्षके महामार्गांवरून चालताना दिसत होती. भूगोल समजून घेण्याची एवढी निकड क्वचितच कधी भासली असेल, आणि नेमका तोच पेपर न होताच पार पडला. कोणाचेही काही अडले नाही, कारण या विषयावाचून काही अडत नाही हे समाजाने आधीच ठरवून टाकले होते.

ही मनोवृत्ती आजची नाही. 'गणित-विज्ञान आधी पक्के कर, इतिहास-भूगोल दोन दिवसांत होतो' हे वाक्य ज्या घरात उच्चारले जात नाही, असे मध्यमवर्गीय घर विरळाच. जूनमध्ये शिकवणीचे शुल्क भरले जाते ते गणित, विज्ञान आणि इंग्रजीसाठी. सामाजिक शास्त्रांच्या वाट्याला येतो तो मार्गदर्शकातील अपेक्षित प्रश्नांचा संच, आणि तोही फेब्रुवारीत. २०१० सालापासून सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय टक्केवारीसाठी धरण्याची पद्धत आली. विद्यार्थ्यांवरील ताण हलका व्हावा हा तिचा हेतू चांगला होता. परंतु एक विषय गळला तरी चालतो हे कळल्यावर कोणता विषय गळू द्यायचा, याचा निर्णय अनेक घरांनी परीक्षेच्या वर्षभर आधीच घेऊन टाकला. अनेक शाळांतही या विषयाचे तास ज्याच्याकडे मोकळा वेळ आहे त्या शिक्षकाकडे सोपवले जातात. इतिहास काय, कोणीही शिकवील, असा त्यामागचा समज असतो.

चर्चा होते ती केवळ गुणांची. २०१९ च्या परीक्षेसाठी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडून मिळणारे २० गुण बंद करण्यात आले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला आणि राज्यभर खळबळ उडाली. पुढच्याच परीक्षेला अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. या सगळ्या गदारोळात गुण कसे मिळावेत यावर पुष्कळ वाद झाला. मुलांना नेमके काय समजले आणि काय समजले नाही, हा प्रश्न मात्र कोणीच विचारला नाही.

येथवरचे दुखणे सर्व समाजाचे आहे. पण राष्ट्रीय विचाराने चालणाऱ्या घरांना याहून अधिक कठोर प्रश्न स्वतःला विचारावा लागेल. पाठ्यपुस्तकांतून देशाचा विकृत इतिहास शिकवला गेला, चोलांचे आरमार, विजयनगरचे वैभव, सराईघाटच्या लढाईत मोगलांना परतवून लावणारा लाचित बडफुकन यांना पुरेशी जागा मिळाली नाही, ही तक्रार या घरांत वर्षानुवर्षे केली जाते. तक्रारीत तथ्य आहे. परंतु तक्रार करणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपल्या मुलाचे दहावीचे इतिहासाचे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले आहे? बैठकीत इतिहासाच्या पुनर्लेखनाविषयी तळमळीने बोलणारा कार्यकर्ता घरी आल्यावर मुलाला 'ते इतिहासाचे पुस्तक ठेव आणि आधी बीजगणित काढ' असे सांगत असेल, तर मूल त्याच्या भाषणापेक्षा त्याच्या कृतीवरच अधिक विश्वास ठेवील. ज्या विषयाला आपणच कवडीमोल ठरवले, त्यातून राष्ट्राभिमान कसा उगवणार?

वस्तुतः २०१८ साली आलेले दहावीचे इतिहासाचे पुस्तक सनावळ्यांचे नव्हते. इतिहास कसा लिहिला जातो, पाश्चात्त्य आणि भारतीय इतिहासलेखनाच्या परंपरा कोणत्या, प्रसारमाध्यमे, मनोरंजन, खेळ, पर्यटन यांच्याशी इतिहासाचे नाते काय आणि वारसा कसा जतन करायचा, अशी त्याची मांडणी आहे. अनेक पालकांना ते विचित्र वाटले. लढाया कोठे गेल्या, असे त्यांनी विचारले. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला 'हे तुला कोणी सांगितले आणि कशाच्या आधारावर?' असा प्रश्न विचारायला शिकवणारे पुस्तक वाईट कसे म्हणावे? त्या मांडणीत त्रुटी असतील, त्या दाखवून द्याव्यात. मात्र त्यासाठी आधी ते वाचावे लागेल.

या पुस्तकात ग्रँट डफचे नाव येते. विद्यार्थी त्यावर चार ओळींची टीप पाठ करतो आणि विसरतो. त्या चार ओळींमागे केवढा इतिहास आहे! सातारा येथे अधिकारी राहिलेल्या या ब्रिटिशाने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याचे मराठी भाषांतर झाले आणि मराठी मुले आपल्या पूर्वजांची कहाणी जेत्याच्या दृष्टीने वाचू लागली. या ग्रंथाला पहिले आव्हान कोणी दिले? कोण्या सरदाराने किंवा संस्थानिकाने नव्हे. १८६७ च्या सुमारास पुण्यात शिकत असलेल्या नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने त्या ग्रंथाची चिकित्सा करणारा निबंध वाचला. इंग्रजांविरुद्ध घोषणा देणे त्या काळी धोक्याचे होते. एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या प्रतिष्ठित ग्रंथातील चुका अभ्यासाच्या बळावर दाखवणे तितकेच धाडसाचे आणि कितीतरी अधिक कष्टाचे होते.

त्या निबंधाने एक वाट खुली झाली. १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' मासिक निघाले आणि जुनी कागदपत्रे छापून येऊ लागली. वाईला मिळालेल्या दप्तरातून वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. असे २२ खंड या एका माणसाने सिद्ध केले. गावोगाव पायपीट करून, हाताने रांधून, माळ्यावरच्या वाळवी लागलेल्या दप्तरांतून त्यांनी महाराष्ट्राची स्मृती वाचवली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयाची मीमांसा केली आणि तो उदय हा अपघात नव्हता, हे युक्तिवादाने मांडले. मराठ्यांच्या इतिहासाची प्रतिष्ठा कोणी आयती दिलेली नाही. ती अभ्यासाने परत मिळवली आहे.

आज मात्र अभिमानाचा पुरवठा भ्रमणध्वनीवरून होतो. कोणीतरी पुढे पाठवलेला मजकूर न वाचताच शंभर ठिकाणी पुढे जातो. त्यातील सन चुकलेला असतो, चित्र दुसऱ्याच प्रसंगाचे असते, थोरामोठ्यांच्या तोंडी त्यांनी कधीही न उच्चारलेली वाक्ये घातलेली असतात. हेतू चांगला असला तरी परिणाम घातक होतो. महाविद्यालयात गेलेल्या मुलाला एक चूक कोणी दाखवून दिली, की घरी ऐकलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास डळमळतो. खोट्या नाण्याने खऱ्या नाण्याची किंमत घालवावी, तसे हे आहे. राजवाडे बखरींकडेही चिकित्सक दृष्टीने पाहत, अस्सल पत्र आणि ऐकीव कथा यांत भेद करत. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी निदान एवढा भेद पाळायला हवा.

भूगोलाची स्थिती याहून बिकट आहे. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. 'आमच्या मुलांना ब्राझील कशाला?' हा प्रश्न पालक हमखास विचारतात. एखाद्याला आपले घर नीट पाहायचे असेल, तर त्याने कधीतरी दुसऱ्याच्या अंगणात उभे राहून ते पाहावे. ब्राझीलचे क्षेत्रफळ भारताच्या अडीच पटींहून अधिक आहे आणि लोकसंख्या सुमारे २१ कोटी. तेथील बहुतांश वस्ती किनाऱ्यालगत एकवटलेली. अंतर्भागाचा विकास व्हावा म्हणून त्या देशाने १९६० मध्ये राजधानी रिओ दी जानेरोहून ब्राझीलियाला हलवली. हे वाचले म्हणजे गंगेच्या मैदानात एवढी दाट वस्ती का आणि दख्खनच्या पठारावर पाण्याचा प्रश्न एवढा जिव्हाळ्याचा का, याचा उलगडा होऊ लागतो.

आणि ब्राझील वाटतो तितका परकाही नाही. ज्या पोर्तुगालपासून तो १८२२ मध्ये स्वतंत्र झाला, त्याच पोर्तुगालच्या जोखडातून गोवा मुक्त व्हायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. कोकण-गोव्याची ओळख बनलेला काजू पोर्तुगीज जहाजांतून ब्राझीलमधूनच येथे आला. उलट दिशेने आपली गीर आणि ओंगोल जातीची गुरे तेथे गेली. ओंगोल तेथे 'नेलोर' या नावाने ओळखली जाते आणि त्या देशाच्या पशुधनाचा कणा बनली आहे. हे सांगणारे कोणी घरात असेल, तर तो धडा विसरणे मुलाला अशक्य होईल.

मुंबई आणि गोव्याच्या नकाशापलीकडे पाहणारी दृष्टी काय करू शकते, याचे उदाहरण डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांचे आहे. संस्कार भारतीच्या उभारणीत वाटा असलेल्या या चित्रकार-पुरातत्त्वज्ञाने १९५७ मध्ये रेल्वेच्या खिडकीतून भोपाळजवळचे वैशिष्ट्यपूर्ण खडक पाहिले आणि चालत जाऊन त्यांचा शोध घेतला. भीमबेटकाची शैलचित्रे त्यामुळे जगापुढे आली. २००३ मध्ये त्या स्थळाची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. त्या खिडकीतून तोवर हजारो प्रवाशांनी तेच खडक पाहिले असतील. पाहायला शिकवते ते शिक्षण.

राज्यशास्त्राची गोष्टही अशीच. इतिहास आणि राज्यशास्त्राच्या ४० गुणांच्या पेपरात त्याला १२ गुण असतात, म्हणून ते आणखीनच उपेक्षित. निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी, लोकशाहीपुढील आव्हाने यांची ओळख त्यात होते. दहावीतला विद्यार्थी दोन-अडीच वर्षांत मतदार होतो. बहुतेकांच्या बाबतीत शासनव्यवस्थेचा हा शेवटचा शिस्तबद्ध अभ्यास ठरतो, कारण पुढे विज्ञान किंवा वाणिज्य शाखेकडे वळलेला मुलगा हा विषय पुन्हा उघडत नाही. ग्रामपंचायत आणि महापालिका यांच्या अधिकारांतील फरक न कळणारा अभियंता उद्या कोणाच्या हाती सत्ता द्यायची हे ठरवणार असेल, तर ते १२ गुण कोणाला क्षुल्लक वाटावेत?

मग तयारी करायची ती कशी? पहिली गोष्ट म्हणजे तिची सुरुवात फेब्रुवारीत नव्हे, जूनमध्ये व्हावी. पुस्तक प्रथम गोष्टीसारखे सलग वाचावे, प्रश्नांकडे वळूच नये. आई-वडिलांपैकी एकाने तेच प्रकरण वाचावे आणि जेवताना त्यावर बोलावे. दुसऱ्या वाचनात प्रत्येक प्रकरणाचा सारांश मुलाने स्वतःच्या शब्दांत पानभर लिहावा. भिंतीवर एक कालरेषा आणि एक नकाशा असावा. वर्तमानपत्रात आलेले प्रत्येक ठिकाण त्या नकाशावर शोधावे. भारत आणि ब्राझीलचे कोरे आराखडे आठवड्यातून एकदा भरावेत, सूचीसह. नकाशा आणि आलेख यांचे गुण सरावाने हमखास मिळतात आणि आळसाने हमखास जातात.

तिसरा टप्पा उत्तरलेखनाचा. 'विधान सकारण स्पष्ट करा' या प्रश्नात कारण मागितलेले असते, वर्णन नव्हे. अनेक मुले पाठ केलेला परिच्छेद उतरवून काढतात आणि गुण गमावतात. प्रत्येक मुद्द्यानंतर 'म्हणून' आणि 'कारण' या दोन शब्दांनी वाक्य पुढे नेता आले, तर उत्तर समजले आहे असे मानावे. ४० गुणांसाठी दोन तास असतात. घड्याळ लावून पाच-सहा संपूर्ण पेपर लिहिल्याखेरीज वेळेचा अंदाज येत नाही. आणखी एक दक्षता महत्त्वाची. पाठ्यपुस्तकातील एखादे मत पटत नसेल, तर परीक्षेचे उत्तर हे वाद घालण्याचे स्थान नव्हे. तेथे पुस्तकाच्या आधारे लिहावे. मतभेदाची टिपणे वेगळ्या वहीत काढावीत, त्यासाठी ग्रंथ पाहावेत, शिक्षकांना विचारावे. आधी काय लिहिले आहे ते नेमके समजून घेणे आणि मग पुराव्यानिशी प्रतिवाद करणे, हीच कीर्तन्यांची रीत होती.

घरातही साधने असतात. पाठ्यपुस्तक ज्याला 'मौखिक साधने' म्हणते, ती अनेक घरांत आरामखुर्चीत बसलेली आहेत. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळात ज्यांनी सत्याग्रह केला, येरवड्याच्या किंवा नाशिकच्या कारागृहात 'मिसा'खाली दिवस काढले, असे आजोबा आज पंच्याहत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. नातवाने त्यांच्यासमोर वही घेऊन बसावे. वॉरंट केव्हा निघाले, घर कोणी सांभाळले, पत्रे येत होती का, हे विचारावे. आजीलाही विचारावे, कारण तुरुंगाबाहेरचा तुरुंग तिने भोगला. ही वही परीक्षेत गुण देणार नाही. पण मूलभूत हक्कांवरचा प्रश्न त्या मुलाला पुन्हा कधी पाठ करावा लागणार नाही, आणि एक साक्ष काळाच्या पोटात गडप होण्यापासून वाचेल.

किल्ल्यांचेही तसेच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत. आनंदोत्सव झाला, तो व्हायलाच हवा होता. आता साल्हेर, शिवनेरी, पन्हाळा किंवा सिंधुदुर्ग येथे दिवाळीच्या सुटीत जाताना मुलांच्या हाती नकाशा द्यावा. हा किल्ला नेमका येथेच का, पाणी कोठून येत असे, कोणत्या घाटवाटेवर येथून नजर ठेवता येते, हे त्यांनाच शोधू द्यावे. इतिहास, भूगोल आणि वारसा जतन या तिन्ही प्रकरणांची उजळणी एका चढणीत होते. छायाचित्र काढून आणि प्लास्टिकची बाटली टाकून परतणाऱ्यांत मात्र आपली मुले नसावीत.

शेवटी प्रश्न उरतो तो ज्या घरांत भिंतीला नकाशा लावायला भिंतच धड नाही, त्या घरांतील मुलांचा. सेवावस्त्यांतील अभ्यासिकांत गणित आणि इंग्रजी शिकवायला तरुण अभियंते आनंदाने येतात. इतिहास-भूगोलासाठी कोणी येत नाही, कारण तो 'वाचून होतो' असे येथेही गृहीत धरलेले असते. ज्या मुलाच्या आई-वडिलांनी शाळा पाहिली नाही, त्याला तो वाचून होत नाही. त्याच्यासाठी या विषयातील नापास होणे म्हणजे शिक्षणाची वाट बंद होणे ठरू शकते. प्रत्येक नगरात निवृत्त शिक्षक आहेत, वाचनाची आवड असलेल्या गृहिणी आहेत, बँकेतून सेवानिवृत्त झालेले स्वयंसेवक आहेत. त्यांनी आठवड्यातील दोन संध्याकाळ एका अभ्यासिकेला दिल्या, तर तेथील मुलांना आधार मिळेल आणि देशाची कहाणी त्या मुलांचीही आहे, हे त्यांना कोणीतरी सांगितल्यासारखे होईल. समरसतेचा याहून साधा आणि याहून खरा पाठ दुसरा नाही.

राष्ट्र म्हणजे काय, याची व्याख्या ग्रंथांत सापडते. राष्ट्राची ओळख मात्र मुलाला एका पातळ पाठ्यपुस्तकातून, एका कोऱ्या नकाशातून आणि घरातील एका जिवंत संवादातून होते. येत्या परीक्षेच्या आधी दोन दिवस नव्हे, आजच संध्याकाळी ते पुस्तक दप्तरातून बाहेर काढावे आणि आई-वडिलांनी ते मुलाच्या शेजारी बसून वाचावे.